संकासुराचे पाय

"आणि हा कॅमेरा दुकानात येईतो आबांनी थांबायचं?" मृणाली म्हणाली.

"शिमग्याच्या आत येतोय. आजच जाहीर झाला." दीपकने मोबाईल बायकोपुढे धरला. "नवशिक्यांसाठीचा डीएसएलआर आहे, पण कमी उजेडात काय काढतो बघ."

"गेल्या कॅमेऱ्यालाही हेच म्हणालात. मग त्याचा पडदा वळत नव्हता. त्याआधीच्याची लेन्स बरी नव्हती. तुमचं म्हणजे मुलगी बघायला जायचं, पोहे खायचे आणि कळवतो म्हणायचं."

"तुला होकार दिला ना?"

"तेव्हा नवीन मॉडेल जाहीर झालं नव्हतं."

बाहेर ओटीवर आबा सुपारी कातरत होते. अडकित्त्याचा आवाज आत येत होता.

आबा, म्हणजे दीपकचे वडील गंगाराम, वाडीच्या नमन-खेळ्यांतला संकासूर. एरवी अबोल माणूस. भात लावायचा, काजू राखायचा, विचारलं तर तेवढं बोलायचा. पण शिमग्यात काळा झगा, टोकदार टोपी आणि बुरख्यावर पांढरी दाढी चढली की वर्षभराचं सगळं बोलणं पायांत उतरायचं. दिवेलागणीला खेळे नाचत अंगणात आले की त्याच्या एका गिरकीसरशी पोरं किंचाळत पडवीत पळायची आणि परत त्याच्याच पुढ्यात यायची. दीपकही त्यातलाच एक होता. ती गिरकी फोटोत धरायची, हा त्याचा जुना हट्ट. मोबाईलवर पायांचा नुसता धूर यायचा. म्हणून मिरजोळ्याच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत तो कॅमेरे ताडून बघायचा. बघता बघता शिमगे जात राहिले.

गेल्या साली मात्र त्याने कंपनीतल्या नितेशचा डीएसएलआर मागून आणला आणि संकासुराच्या मागे अंगणभर धावला. त्यातला एक फोटो मोठा करून भिंतीवर लावला. आबांनी तो उभ्याउभ्या बघितला होता. "बरा आलाय," एवढंच म्हणाले होते.

"हा काय वाईट आहे?" मृणालीने भिंतीकडे बोट केलं.

"लांबून बरा दिसतो. मूळ बघ." दीपकने लॅपटॉप उघडला, फोटो ताणून मोठा केला. "झगा बघ, वाळू भुरभुरल्यासारखा. नवीन कॅमेऱ्यात असं होणार नाही. आता पायाकडे बघ, घुंगरांचे चाळ कसे फुटलेत..."

मृणाली वाकली. वाकलेलीच राहिली.

"हे पाय आबांचे नाहीत."

"काहीतरी बोलू नकोस."

"गुडघा धरल्यापासून रोज तेल मी लावते. आबांच्या उजव्या अंगठ्याला नख नाही, फाळ लागून गेलेलं. ह्याला आहे."

बाहेरचा अडकित्ता थांबला.

दीपक फोटो सरकवत राहिला. सगळीकडे तो अंगठा, सगळीकडे ते नख. संकासुराच्या मागे तुळशीच्या कट्ट्याला टेकून, गुडघ्यावर हात ठेवून एकजण बसला होता, पुसट. मागचं सगळं कसं छान पुसट झालंय, असं त्याने नितेशला कौतुकाने दाखवलं होतं.

झगा देवळातच चढवतात. तो अंगावर असेतो आत कोण ते विचारायचं नाही, सांगायचंही नाही, अशी वाडीची रीत. संकासूर तोंडाने बोलत नाही, म्हणून आवाजावरूनही कळत नाही. पायांवरून कळलं असतं.

तो लॅपटॉप घेऊन ओटीवर गेला.

"आबा, गेल्या साली तुझ्याजागी खेळ्यांतला सदूकाका नाचला?"

"झग्यातला कोण ते इचारू नये."

"मग तू शेवटचा कधी नाचलास?"

आबांनी सुपारीची खांडं पानावर एकत्र केली. "त्याच्या आदल्या साली. समोरच हुतास तू. म्हन्लास, उजेड कमी हाय, फुडल्या वर्षी काडू."

दीपकला ते अंगण आठवलं. हात खिशात घालून तो उभा होता. मोबाईलही बाहेर काढला नव्हता.

"मला सांगायचंस तरी."

"नाचताना ठाव नव्हतं रे, श्येवटचं हाय त्ये."

दारात मृणाली येऊन उभी राहिली.

"यंदा एकदाच घाल झगा," दीपक म्हणाला. "गिरकी नको. नुसता उभा राहा अंगणात. कॅमेरा येतोय, आबा. येशील ना?"

आबांनी अडकित्ता मिटून पानाच्या डब्यात ठेवला. भिंतीला हात लावून उठले, कोपऱ्यातली काठी घेतली. आधी दुखरा पाय, मग बरा, असे पायऱ्या उतरले आणि काजूच्या बागेकडे चालू लागले.