महाआरोग्य मंत्राची किंमत

माझी मावशी गाडी चालवण्याच्या परीक्षा घेते. शेजारच्या सीटवर बसते आणि आरशात न बघणाऱ्याला नापास करते, मग तो सख्खा भाचा का असेना. अशी बाई रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर राक्षस आणि पडके किल्ले मांडते, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत मेले. खेळ सोपा आहे. मावशी गोष्ट सांगते, आम्ही चौघं त्यातली माणसं होतो आणि वार लागला की हुकला ते फासे ठरवतात. पुस्तकात नसलेला मंत्र कुणी घरी रचून आणला, तर मावशी त्याचं तिखटमीठ कमीजास्त करते आणि मगच खेळात घेते.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, खेळात वैद्य असतात. मेंदूला झटका येऊन गेल्यापासून त्यांचा एकेक शब्द ओठांवर यायला वेळ लागतो. दुकानात लोक त्यांचं वाक्य मध्येच तोडून स्वतःच पुरं करतात, तेही चुकीचं. फोन तर ते उचलतच नाहीत. या टेबलावर मात्र काकांची पाळी आली की सगळे मुकाट थांबतात, कारण जखमा आम्हाला झालेल्या आणि औषध त्यांच्याकडे.

आणि इथेच आमचे दंतवैद्य तडमडले. खेळात ते जादूगार. माणूस वाईट नाही, पण वाट बघणं त्यांना सोसत नाही. त्यांनी रचून आणलेल्या मंत्राचं नाव ‘महाआरोग्य’. एकदा म्हटला की सगळ्या साथीदारांच्या सगळ्या जखमा बऱ्या.

“खेळ फार रखडतो हो वहिनी,” ते म्हणाले. “आता कुणासाठी थांबायला नको.”

कुणासाठी! समोर काका बसलेले. माझं डोकंच फिरलं. पण आमच्या टेबलाची रीत अशी की कुठलाही मंत्र नुसत्या कागदावर नापास करायचा नाही, आधी एक डाव खेळून बघायचा.

बघितला. राक्षसांनी आम्हाला बदड बदड बदडलं, दंतवैद्यांनी मंत्र म्हटला, आम्ही ठणठणीत. काकांची पाळी आली. त्यांनी एकेकाकडे बघितलं. “पुढे,” ते म्हणाले. मग प्रत्येक पाळीला तेच, “पुढे.” गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात ते हेच. आणि आमच्यातल्या धनुर्धारी शेजारीणबाई टाळ्या वाजवून म्हणतात कशा, “किती पटापट झालं नाही आज!”

मी मावशीला स्वयंपाकघरात गाठलं. “काढून टाक तो मंत्र.”

“नवऱ्यासाठी काढला असं होईल. ह्यांनाच ते चालायचं नाही.”

“मग ते नुसते ‘पुढे, पुढे’ करत बसले तर चालेल तुला?”

“ओरडू नकोस. मंत्र फुकटात पडतोय, एवढंच चुकलंय त्यात.”

“चुलीत घाल तुझा न्याय!” म्हणून मी तडक घरी आले. आठवडाभर तिच्याशी बोलले नाही.

पुढच्या रविवारी मावशीने जाहीर केलं की मंत्र पास, पण एका अटीवर. जो म्हणेल त्याची वाचा जाईल आणि वैद्याने बरं केल्याशिवाय परत येणार नाही. तोवर त्याने टेबलावरही तोंड उघडायचं नाही.

“एवढंच ना!” दंतवैद्य हसले. पहिल्याच लढाईत त्यांनी मंत्र म्हटला आणि ओठ मिटले.

तेवढ्यात शेजारीणबाईंच्या डोक्यावर छताला लटकलेला कोळी त्यांच्या लक्षात आला. ते वर बोट दाखवू लागले. “पाऊस येतोय म्हणताहेत,” शेजारीणबाई म्हणाल्या. दंतवैद्यांनी मान हलवून नाही म्हटलं, हातांची बोटं नाचवली. “वाद्य वाजवू म्हणताय? बरं, नंतर,” असं म्हणून बाईंनी फासे टाकलेसुद्धा. कोळी खाली आला, बाई पळाल्या, खुर्चीवर आपटल्या आणि कोळी गेल्यावर परत येऊन बसल्या. दंतवैद्य लालबुंद झाले. कुणी विचारायलाही थांबेना.

मग काकांची पाळी आली. सगळे थांबले. दंतवैद्यांनी चक्क हात जोडले.

काकांनी त्यांच्याकडे सावकाश बघून घेतलं. “तुम्हाला… बरं… करतो.”

दंतवैद्यांनी सुस्कारा सोडला.

“पुढच्या… फेरीत. आधी… शेजारीणबाई.”

पळताना बाईंच्या गुडघ्याला नुसतं खरचटलं होतं.