दोन दहा, पोहोचली

आमच्या बस डेपोतल्या नोंदकाकांची एकतीस वर्षं एका शब्दावर गेली. डोंगरावरच्या शेवटच्या थांब्याला गाडी लागली की ड्रायव्हर तिथल्या दुकानातून फोन करायचा, ‘पोहोचली’. काका वहीत वेळ टाकून तेवढंच लिहायचे. मी शेजारच्या तिकीट खिडकीवर बसायचे. एकदा म्हटलं, "काका, निदान ‘सुखरूप’ तरी जोडा की."

"बाई, प्रवासात हा एकच शब्द खरा. निघाली काय, कुणीही म्हणेल."

घरीही तोच जाच. लेक मैत्रिणीकडे गेली तरी दारातून आधी फोन, "बाबा, पोहोचले."

पण लोका सांगे ब्रह्मज्ञान! दोन दहाच्या गाडीचा फोन नेमका काकांच्या चहाच्या वेळी यायचा, म्हणून ते दोनलाच शेरा मारून उठायचे. फोन वाजला तर मी घ्यायचे. नाही वाजला, तर माझ्या लक्षातही यायचं नाही. अर्ध्या तासात वहीत शेरा पडला नाही तर जीप शोधायला धाडायची, असा नियम होता. तशी वेळ कधी आलीच नव्हती.

त्या दिवशी डोंगर धुक्यात बुडाला होता. काकांची लेक त्याच गाडीनं वरच्या शाळेत रुजू व्हायला निघाली होती. काकांनी सवयीनं शेरा मारला, चहा पिऊन आले. अडीचला काकूंचा फोन.

"अहो, पोरगी पोहोचली का?"

काकांनी वहीत पाहिलं. "दोन दहाला पोहोचली. जेवून घे तू."

चारला पुन्हा काकू. लेकीचा फोन अजून नव्हता. काका माझ्याकडे वळले. "बाई, दोन दहाचा फोन तू घेतलास ना?"

मी नकारार्थी मान हलवली.

काकांनी वरच्या दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, "गाडी आलीच नाही आज. आम्हाला वाटलं, धुक्यामुळे रद्द केली."

काका वही घेऊन डेपोच्या साहेबांकडे जीप मागायला धावले. मी मागोमाग. साहेबांनी पान पाहिलं आणि हसले. "पोहोचलीय की! उगाच कशाला जीव टांगणीला लावता?"

"हे खोटं आहे साहेब. मी फोन यायच्या आधीच लिहिलंय."

"आजच?"

"रोज."

साहेबांचं हसू मावळलं. जीप निघाली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. काकांनी घरी फोन लावला. आकडे मीच दाबले. "अगं, मी खोटं बोललो. ती पोहोचली नाही." मला तेव्हा काकांचा संताप आला होता आणि माझाही. भीती मात्र या दोन्हींपेक्षा मोठी होती. फोन वाजावा असं वाटत होतं, आणि वाजू नये असंही.

सहाला वाजला. मीच उचलला आणि काकांच्या कानाला लावला. लेकीचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"बाबा, पोहोचले."

काकांनी रिसीव्हर हातात घेतला. "कुठं आहेस? समोर काय दिसतंय, सांग."

"दुकान. बरण्या. बाबा, मी खरंच वर आहे, सगळे आहेत." मग ती भडाभडा बोलू लागली. वळणावर गाडीचं चाक रस्त्याखाली गेलं होतं. गाडी एका झाडाला टेकून दरीकडे कलली होती. रेंज नव्हती. दारही दरीच्याच बाजूला, त्यामुळे कुणी जागचं हललं नाही. एक म्हातारी रडायला लागली की झाड करकरायचं. शेवटी जीपवाल्यांनी दोर बांधून एकेकाला बाहेर काढलं.

"मी सगळ्यांना सांगत होते बाबा, घाबरू नका, वहीवर माझे बाबा आहेत. दोन चाळीसला जीप निघणारच." ती थांबली. "एवढा उशीर का झाला हो?"

काकांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.