शकुंतलाबाईंचं अर्धं गाणं

रामाकोन्याच्या बुद्धविहारात महिला मंडळाचं गाणं असलं की शकुंतलाबाई मधोमध बसायच्या. दिवसभर संत्र्याच्या तोडणीला जायचं आणि संध्याकाळी गायचं, असं त्यांचं आयुष्य. बाकीची गाणी ऐकून शिकलेली, पण एक त्यांचं स्वतःचं होतं. पहिल्या कडव्यात त्यांची माय विहिरीपासून दूर, रिकामी घागर घेऊन उभी असते. कोणी वरून पाणी ओतेल तर भरायची. दुसऱ्या कडव्यात लेक म्हणते, ‘दोर दिला भीमानं हाती, पाणी ओढीन मी माह्या हातानं.’ तिथं ढोलकी दुप्पट व्हायची, बाया उभ्या राहायच्या.

तीन वर्षांपूर्वी दीक्षाभूमीवर हे गाणं वेस नावाच्या एका अमेरिकन गायकानं ऐकलं आणि विचारत विचारत तो रामाकोन्याला आला. मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. तो रेगे, म्हणजे जमैकाच्या काळ्या लोकांचं संगीत, गायचा. त्यानं गिटारवर वाजवून दाखवलं, तेव्हा शकुंतलाबाई म्हणाल्या, “ठेका लंगडून राहिला, पण चालते मस्त.”

“ये भी ग़ुलामों के बच्चों का म्यूज़िक है, आई,” वेस म्हणाला. “आपका और ये, एक ही बात.”

हे त्यांच्या मनाला भिडलं. त्यांनी त्याला समोर बसवून ज्वारीची भाकर आणि झुणका वाढला. मायची सगळी गोष्ट सांगितली, गाण्याची ओळ न् ओळ समजावली. विहारात बसून पूर्ण गाणं त्याच्या यंत्रात म्हटलं. जाताना तो पाया पडला. “पोरगा आपलाच हाय,” त्या सगळ्यांना सांगत राहिल्या.

यंदा फेब्रुवारीत त्यांची सून प्रज्ञा सौसरहून ऑफिस सुटल्यावर धावतच घरी आली. “आई, वेसचा अल्बम आला! तुमचा आवाज हाय त्याच्यात!”

शेजारच्या करुणाबाईही आल्या. फोन मधे ठेवला. गिटार सुरू झाली, मग शकुंतलाबाईंचा आवाज आला. माय उन्हात उभी होती, घागर रिकामी होती. तेवढंच फिरून फिरून येत होतं. शकुंतलाबाई मांडीवर ठेका धरून दुसऱ्या कडव्याची वाट पाहत होत्या. गाणं संपलं.

“पुढचं कुठं गेलं?”

प्रज्ञानं पुन्हा लावलं. पुढचं नव्हतंच. भीमाचं नाव एकदाही नव्हतं. खाली माहितीत लिहिलं होतं, ‘आवाज : भारतातली एक अनाम ग्रामीण स्त्री.’

“लोकं काय म्हणून राहिले?” शकुंतलाबाईंनी विचारलं.

प्रज्ञा ऐकणाऱ्यांची मतं मराठीत करून वाचू लागली. एकीनं लिहिलं होतं, या बाईचं रडणं ऐकत मला रोज छान झोप लागते. एक म्हणत होता, शब्द कळत नाहीत तेच बरं, कळले असते तर जादू गेली असती. कोणाला ती नदीची प्रार्थना वाटली होती. एकानं मात्र चिडून लिहिलं होतं की बास गिटार उत्तम आहे, पण मधली म्हातारी कापायला हवी होती.

“हा एकटा खरं बोलला,” शकुंतलाबाई हसल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. “मी कुठं रडली वो, करुणाबाई? मी त् सांगून राहिली होती.”

त्यांनी प्रज्ञाला तिथंच लिहायला लावलं. “लिही, मी शकुंतला, रामाकोन्याची. मले नाव हाय. गाणं अजून बाकी हाय. माह्या मायले उन्हात उभी ठेवून तू कायले निघून गेला?”

दोन दिवसांनी वेसचं उत्तर आलं. प्रज्ञानं ते दोनदा वाचलं, मग सांगितलं. त्याला इथल्या आईची फार आठवण येते. पण तिकडच्या लोकांना भीमाचं नाव माहीत नाही, दुसरं कडवं राजकीय वाटलं असतं. दुःख मात्र सगळ्यांचं असतं, म्हणून तेवढंच ठेवलं. शेवटी जोडलेले हात होते.

“त्याले सगळं समजावलं होतं मी,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “न समजून कापलं असतं त् गोष्ट येगळी होती.”

प्रज्ञानं विचारलं, अजून काही लिहू का? त्यांनी नको म्हटलं. त्यांच्या मताखाली बऱ्याच जणांनी लाल बदाम टाकले आणि खाली नवी मतं येत गेली. कोणीतरी लिहिलं, आता तर गाणं आणखीच हृदयस्पर्शी वाटतं.

चौदा एप्रिलला विहारात गर्दी होती. करुणाबाईंनी ढोलकीवर संथ थाप धरली आणि शकुंतलाबाईंनी एकदम दुसरं कडवं उचललं. करुणाबाई थांबल्या. “अवो, पयलं?”

“नाही म्हणत.”

“काऊन?”

“म्हणायले जातो त् मलेच वाटते, मी रडून राहिली.” त्यांनी पदर सावरला. “वाजवा तुम्ही.”

ढोलकी जोरात सुरू झाली. बाया उभ्या राहिल्या, टाळ्या पडल्या. मायचं कडवं मात्र त्यानंतर रामाकोन्यात कोणी ऐकलं नाही.