रेहानाचे पंख

नातीच्या शाळेच्या कामासाठी काल खळ शिजवली आणि त्या वासाने मी थेट मेढ्याजवळच्या शाळेत पोचले. तिथे मी चौथीला शिकवायचे. "मनात आणलं तर माणूस काहीही करू शकतो," असं सांगून मी मुलांकडून खळीने चिकटवलेले पुठ्ठ्याचे पंख करून घेतले होते.

मधल्या सुट्टीत अंगणातला गोंगाट एकाएकी थांबला. बाहेर आले तर सगळी मुलं वर बघत होती. पत्र्याचे डबे करणाऱ्या कासमभाईंची रेहाना दुरुस्तीसाठी लावलेल्या शिडीवरून शाळेच्या छपरावर चढली होती. हातांना पंख बांधलेले होते. डोंगरावरून वारा सुटला होता आणि तिच्या पायाखालचा पत्रा करकरत होता.

"बाई, म्या मनात आणलंय!" ती ओरडली.

ओरडले तर दचकेल, या भीतीने मी शिडीपाशी जाऊन हळूच म्हटलं, "रेहाना, एक दोरा सुटलाय गं. खाली ये, नीट बांधून देते."

ती थबकली. मग एकेक पाऊल मागे घेत शिडीवरून उतरली. मी तिला पोटाशी धरलं. तिनं दोरा चाचपून पाहिला. तो घट्टच होता.

"बाई, तुमी खोटं बोलला व्हय?"

"हो गं."

"आत्ता, का तवा?"

मी तिच्या हातांचे पंख सोडू लागले. पोर वाचली, एवढंच तेव्हा पुरेसं वाटलं. पण त्यानंतर वर्षभर मी वर्गात काहीही विचारलं, तरी रेहानाचा हात कधी वर झाला नाही.