घोडीचा कान

खांब मी आणला. दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ नका. वस्ती सुधार कमिटीचा अध्यक्ष मी, अर्जावर पहिली सही माझी, आणि क्रेन आली तवा "जरा डावीकडं घ्या, तात्याच्या घरावर नीट उजेड पडला पायजे" असं वरडून सांगणारा गाढवबी मीच. आता कुणी त्या खांबाचं कौतुक केलं की माझं टाळकं सरकतं. पण बोलणार कुणाला?

आमची वस्ती सांगवीपासनं आत हाय. चाळीस-बेचाळीस घरं आणि चारी बाजूंनी ऊस. वस्तीच्या कडंला जोतीरामचं घर. सगळे त्याला तात्या म्हणत्यात, मी जोत्या म्हणतो, कारण आमी दोघं एका वर्गात शिकलो आणि एकाच मास्तरचा मार खाल्ला. त्याचा बारामतीत फोटो स्टुडिओ व्हता. तीस वर्षं त्यानं आख्ख्या पंचक्रोशीची लग्नं काढली. माझंबी त्यानंच काढलं, आणि नेमका मंगळसूत्राच्या वक्ताला रोल संपला. माझी बायको द्वारका अजून ते ऐकवती. पुढं ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला आणि स्टुडिओला कुलूप लागलं. अशा वक्ताला माणूस दारूला लागतो न्हायतर राजकारणात पडतो. ह्यानं लग्नाचा कॅमेरा उचलला आणि आभाळाकडं केला.

मी म्हणलं, "चांदण्यांचे फोटो काढतोयस व्हय? चांदण्या काय पळून चालल्यात का?"

"चांदण्या न्हाय रे. तेजोमेघ. मृग ठावं हाय न्हवं तुला? त्याच्या मधी तीन चांदण्यांचा बाण असतोय. त्यातल्या शेवटच्या चांदणीच्या खाली एक काळा ढग हाय, घोड्याच्या तोंडासारखा. नुसत्या डोळ्याला दिसत न्हाय."

"मग हाय कशावरनं?"

"कॅमेऱ्याला दिसतो. पण सावकाश."

सावकाश म्हणजे किती, ते मला नंतर कळलं. एक यंत्र असतंय, ते चांदण्यांच्या चालीनं गोगलगायीवानी फिरतं. त्यावर कॅमेरा बसवायचा आणि तीन-तीन मिनिटांचा एकेक फोटो काढायचा. एका फोटोत काय सुदिक दिसत न्हाय, नुसतं राखाडी. असे शेकडो फोटो लॅपटॉपवर एकावर एक रचले की मग कुठं काळपट डाग उठतो. त्यात चंद्र नको, ढग नको, ऊस तुटल्यावर पेटवलेल्या पाचटाचा धूर नको. सगळं जुळून हिवाळ्यात वीस-बावीस राती हाताला लागायच्या. मला तर हे ऐकूनच झोप आली व्हती.

पण कुशावैनीला न्हाय आली. कुशाबाई, जोत्याची बायको, सुप्याकडची. तिच्या बापाची वरातीची घोडी व्हती, चंद्री. एका लग्नात बापाचा पाय दुखावला म्हणून लगाम वैनीच्या हातात, आणि हा पुढं पळत फोटो काढतोय. ह्याच्या फ्लॅशला घोडी बुजली आणि सगळ्या वरातीसमोर वैनीनं ह्याला झाडला. तितंच जमलं त्यांचं. तर पहिल्या हिवाळ्यात लॅपटॉपवर अंधुक नाकाड उठलं, तवा वैनीनं पदरानं स्क्रीन पुसला आणि म्हणाली, "अगं बया, ही तर आमची चंद्री! पण कान कुठाय? घोडीचं सगळं मन कानात असतंय. कान दिसल्याबिगर मी न्हाय मानायची."

"कान काढून दावतो," जोत्या म्हणाला. मी समोर बसलो व्हतो, च्या पीत.

त्याच उन्हाळ्यात वैनीला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला, व्हय. च्या पायजे? व्हय. नको? व्हय. कुठं दुखतंय? व्हय. लेक वृषाली इंदापूरला दिलेली, ती आली आणि गळ्यात पडून रडली, तर तिलाबी व्हय. डॉक्टर म्हणाले, काळजी घ्या, पुढचं सांगता येत न्हाय. वैनी म्हणजे वस्तीत सगळ्यात तिखट तोंडाची बाई, राव. आणि ती एका शब्दावर आली.

आधी जोत्या अंधारासाठी सुप्याच्या माळावर जायचा. आता वैनीला टाकून कुठं जाणार? मग यंत्र आलं घराच्या गच्चीवर. खाली वैनीची खाट, जिन्याचं दार सताड उघडं. वैनीनं नुसतं कण्हलं तरी हा खाली. आणि सकाळी वैनीचं तोंड पुसून, च्या पाजून झाला की हा मोबाइलवर घोडी दावायचा. "बग, काल आणिक दोन तासांचा उजेड गोळा झाला." वैनी लई वेळ बघायची. मग म्हणायची, व्हय. दुसऱ्या हिवाळ्यात मान निघाली, तिसऱ्यात आयाळ. कानाच्या जागी अजून मीठ-मिरी सांडल्यागत व्हतं. "औंदा निघतोय बग," जोत्या तिला सांगायचा. "पंधरा राती चांगल्या मिळाल्या की कान तुझ्या हातात."

मला सांगा, त्या घरात दुसरं व्हतंच काय? औषध, अंघोळ, कूस बदलणं आणि ही घोडी.

आणि मधी मी कडमडलो.

दिवाळीत वर्तमानपत्रात त्याचा अर्धवट घोडा छापून आला. 'शेतातल्या घराच्या गच्चीवरून आकाशाचा वेध' वगैरे. वस्तीला काय आनंद! कमिटीची बैठक बसली. शाल, नारळ, फेटा तर कुणीबी देतं. वस्तीत उंच खांबाचा हायमास्ट दिवा बसवायचं आमचं आधीच मंजूर झालं व्हतं, नुसती जागा ठरायची व्हती. मी उठून म्हणलं, "जो माणूस उजेड गोळा करतो, त्याला आपुन उजेडच देऊ. तात्याच्या दारात लावू हायमास्ट. नाव देऊ नक्षत्र चौक." टाळ्या पडल्या. लई शाणा समजत व्हतो मी स्वतःला.

सत्काराच्या दिवशी सांजच्याला बटण जोत्याच्याच हातात दिलं. फेटा बांधलेला, गळ्यात हार. त्यानं खांबाकडं वर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. बटण दाबलं. पांढराफेक उजेड पडला, उसाचं पातं न् पातं दिसायला लागलं, पोरांनी शिट्ट्या मारल्या. जोत्यानं हात जोडले आणि म्हणाला, "लई उपकार झाले." त्याचा आवाज कापला. मला वाटलं, गड्याला भरून आलं.

चार दिवसांनी मी च्याला गेलो तर लॅपटॉपवर सगळं पांढरं.

"हे काय, दूध सांडलं का काय?"

"खांब," जोत्या म्हणाला. "मृग त्याच बाजूनं वर येतोय."

मला अंगावर कुणीतरी गार पाणी टाकल्यागत झालं. मग राग आला. "अरे मग आधी बोलायचं न्हाय का? तोंड शिवलं व्हतं तुझं?"

"दोनशे माणसं टाळ्या वाजवत व्हती, रामहरी. तू नवीन सदरा घालून आला व्हतास. काय बोलू?"

मी त्याच दिवशी संदेश वायरमनला धरून आणला. त्यानं टायमर उघडला आणि रातीला आठनंतर दिवा बंद व्हईल असं केलं. दोन राती जोत्याला अंधार मिळाला. तिसऱ्या राती बिबट्यानं शेजारच्या म्हस्कूच्या दारातली शेळी उचलली. फरफटत नेल्याचा माग थेट उसात. सकाळी सगळ्या बाया माझ्या दारात, आणि त्यात सगळ्यात पुढं माझीच द्वारका. "दिवा कुणी बंद केला? तुमची स्वतःची नात साडेआठच्या एसटीनं क्लासवरनं येती, फाट्यापासनं एकटी चालत. राजनंदिनीला काय झालं असतं म्हंजे?"

खरंच व्हतं ते. आणि मी तोंड उघडायच्या आधी जोत्याच आला. म्हणाला, "माझ्यापायी बंद केलता. लाव रे दिवा. पोरीबाळी येत्यात-जात्यात."

मग आमी गच्चीवर पत्रे बांधले. पुण्याहून कसली तरी काच आणून कॅमेऱ्याला लावली. झोत अडला, पण साखर कारखाने सुरू झालेले, हवेत धूळ आणि धूर, तो धूरच उजळून निघायचा. नवे फोटो रचले की जुनं नाकाडबी पुसट व्हायचं. मग जोत्या नवे फोटो पुसून टाकायचा. खांब दुसरीकडं हलवायचं म्हणलं तर म्हस्कूचा गोठा अंधारात जातो. मी तिघांना विचारलं. तिघांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी पुढं कुणाला विचारलं न्हाय.

सकाळी मात्र वैनी वाट बघायची. च्या झाला की तिची नजर जोत्याच्या खिशावर. "काल ढग व्हते," तो म्हणायचा. आभाळ म्हणजे निर्मळ, आणि खिडकी तिच्या समोर. असं तीन आठवडे चाललं. माणूस वाळत चालला. शेवटी मी म्हणलं, "जुनाच फोटो दाव. जरा उजळ कर, आणि सांग कालचा हाय म्हणून. त्यांना काय कळतंय?"

"तिला कळतंय सगळं."

"अरे, ती सगळ्यालाच व्हय म्हणती!"

हे मी बोललो. माझ्या ह्या तोंडानं.

संक्रांतीच्या सकाळी तिळगूळ घेऊन गेलो. वैनीला उशाला टेकवून बसवलं व्हतं. जोत्यानं माझ्याकडं न बघता मोबाइल काढला आणि तिच्यापुढं धरला. "बग, काल रातीला निघाला. कानाचं टोक. हितं बग, हितं."

वैनीनं बघितलं. लई वेळ बघितलं. चार हिवाळे रोज बघितलेली घोडी तिची. मग तिनं जोत्याकडं बघितलं. ओठ वाकडे झाले, मानेची शीर ताठली. आमी दोघं व्हयची वाट बघत व्हतो.

"न्हाय," वैनी म्हणाली.

मी येडा, आरोळीच ठोकली. "बोलल्या! अरे जोत्या, वैनी बोलल्या!" मग जोत्याचं तोंड बघितलं. मोबाइल तसाच हातात, हात तसाच पुढं. वैनीनं पुन्हा एकदा "न्हाय" म्हणलं, हळू, आणि तोंड भिंतीकडं केलं.

पण माझी आरोळी बाहेर गेली व्हती. दुपारपर्यंत वस्तीभर झालं. वृषाली इंदापूरहून रडत-हसत आली. डॉक्टर फोनवर म्हणाले, लई चांगली खूण हाय. सांजच्याला पोरीनं खांबाखाली उभं राहून सगळ्यांना पेढे वाटले. दिवा लागला, तशी म्हस्कूची म्हातारी वर बघून हात जोडत म्हणाली, "ह्या खांबाचा पायगुण बगा. हा आला आणि कुशीला वाचा फुटली." सगळ्यांनी माना हलवल्या. त्यातल्या दोघांनी माझी पाठ थोपटली.

जोत्या दारात उभा व्हता. वृषालीनं त्याच्या हातात पेढ्यांचा बॉक्स दिला, तर तोबी वाटायला लागला. एकेकाला देत, हात जोडत, माझ्यापातूर आला. पेढा माझ्या तोंडात घातला आणि पुढच्या माणसाकडं गेला.

मी तो पेढा तोंडात धरून त्या उजेडात उभा राहिलो. गिळवंना.