डाव्या हातातली दोरी

आमचे सर उजव्या हाताने फळ्यावर लिहीत, तेव्हा त्यांचा डावा हात कमरेपाशी सावकाश मागे-पुढे होत असे. जणू एखाद्या पाळण्याची दोरी त्यांच्या मुठीत आहे. सुरतेच्या त्या कॉलेजात बहुतेक मुलं गुजराती. त्यांनी सरांचं नाव 'हींचका सर' ठेवलं होतं. हींचका म्हणजे झोका. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा त्यांची नक्कल करत होता. सर वळले, क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, "लय चुकतेय रे. जरा सावकाश."

ती दोरी खरी होती हे मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. मी धुळ्याकडच्या एका लहान गावातल्या शाळेत शिकले. वडील सुरतेतल्या उधन्याला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला लागले आणि आम्ही सगळे सुरतेला आलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वर्गात शंका विचारायची मला लाज वाटे. सरांनी ते ओळखलं. म्हणाले, "दुपारी घरी येत जा. मी कुठेही जात नाही."

खोलीच्या मधोमध झोपाळा होता आणि त्यावर सरांची आई बसलेली. झोपाळ्याला बांधलेली दोरी टेबलाजवळ बसलेल्या सरांच्या डाव्या हातात, उजव्या हातात पेन. म्हातारीची आठवण विस्कटली होती. सकाळभर ती झोपून असे. तेवढ्यात सर तास घेऊन येत. दुपारनंतर मात्र तिला खानदेशातलं गाव आठवायचं. दर थोड्या वेळाने ती अहिराणीत गाडीची वेळ विचारायची, "बापू, आपली गाडी कव्हय शे?"

"येई ऱ्हायनी, माय. बस." येतेच आहे, असं सर दर वेळी सांगत.

झोका थांबला की ती उठून दाराकडे निघे. चालू असला की बसून राही. पण कसाही झोका चालत नसे. झोपाळ्याची स्वतःची जी लय असते, तिच्याशी सरांची ओढ मुद्दाम जुळू दिलेली नसे. त्यामुळे झोका उंच जात नसे आणि थांबतही नसे.

सरांचा विषय मला तिथेच कळला. शेजारी-शेजारी दोन खड्डे आहेत, मध्ये उंचवटा आहे आणि एका खड्ड्यात एक कण आहे. क्वांटमच्या नियमाने तो उंचवट्यातून आरपार जातो, परत येतो, असं सारखं चालू राहतं. आता बाहेरून एक क्षेत्र लावून ही सगळी व्यवस्था ठरावीक लयीत हलवत राहायची. काही लयींत कण हुकमी पलीकडे जातो. पण जोर आणि लय यांचं एक नेमकं प्रमाण जुळलं, तर त्याचं जाणं-येणंच बंद पडतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ही गोष्ट अगदी ताजी होती. सर म्हणत, "अडकवून ठेवायला भिंत लागत नाही. नेमका हेलकावा पुरतो." मी झोपाळ्याकडे बघितलं, तसे हसून म्हणाले, "ही उपमा आहे, सिद्धता नाही. पेपरात माझ्या आईला आणू नकोस."

पुढचं गणित कॉलेजातल्या संगणकाच्या आवाक्यातलं नव्हतं. पुण्याच्या एका संशोधन संस्थेने सरांना दोन वर्षांसाठी घ्यायचं मनावर घेतलं आणि मुलाखतीला बोलावलं. निवड झाली तर आईला घेऊन पुण्यातच राहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मुलाखतीपुरती आईला शेजारच्या ज्योतिबेन सांभाळणार होत्या. त्या दिवसांत सर चक्क गुणगुणत असत.

सर पुण्याच्या गाडीत बसले, त्याच दुपारी मी त्यांच्या घरी डोकावले. ज्योतिबेन प्रेमळ बाई. त्यांना सरांचा तो रडका झोका कधीच पटला नव्हता. "माजी, मोटा हींचका खाव ने!" म्हणत त्यांनी मस्त उंच झोके दिले होते. म्हातारी खुदकन हसली, तरतरीत झाली आणि ज्योतिबेन चहा टाकायला आत गेल्या तेवढ्यात बोचकं उचलून चालती झाली.

मी थेट उधना स्टेशन गाठलं. खानदेशाकडच्या गाड्या तिथून जातात आणि आमच्या वस्तीतली गावाची ओढ लागलेली म्हातारी माणसं तिथेच सापडतात. फलाटावरच्या बाकावर ती बोचकं मांडीवर घेऊन बसली होती. मी शेजारी बसले. म्हटलं, "माय, गाडी लेट शे. घर चाल." ती बोचकं घेऊन उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी पुण्याहून ज्योतिबेनना फोन केला. आई सापडली होती, घरी होती, सुखरूप होती. मुलाखतीला तासभर बाकी होता. सरांनी फोन ठेवला आणि परतीची गाडी पकडली.

ज्योतिबेन त्यांच्यापुढे रडल्या. सर म्हणाले, "तुमचा झोका चांगला होता, बेन. जरा जास्तच चांगला." मग टेबलाशी बसून त्यांनी दोरी हातात घेतली. पुण्याचं नाव त्यांनी स्वतःसाठी पुन्हा काढलं नाही. माझ्यासाठी मात्र काढलं. माझ्या वडिलांना तीनदा भेटून त्यांनी समजावलं आणि वर्षभर मला त्याच गणितावर घासून घेतलं. त्याच संस्थेत माझी निवड झाली.

निघायच्या दिवशी मी बॅग घेऊनच त्यांच्याकडे गेले. सर स्टेशनवर येणं शक्य नव्हतं. मी पाया पडले, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवून उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवला. डावा चालूच होता.

म्हातारीची नजर माझ्या बॅगेवर गेली. तिने झोपाळ्याची कडी घट्ट धरली आणि गाडी आली असं वाटून अर्धवट उठत विचारलं, "बापू, गाडी उनी का?"

"तिनी उनी, माय," माझ्याकडे मान हलवत सर म्हणाले. "आपली येई ऱ्हायनी. बस."

ती बसली.