पानात राहिलेला बिल्ला

सन एकोणीसशे अठ्ठावन्न. माझं वय बावीस. भिलाईत सेक्टर दोनचे क्वार्टर उभे राहत होते, आणि रिसाली गावात खोली करून राहणारे आम्ही दोघे भाऊ एका ठेकेदाराकडे पाण्याच्या पाइपासाठी नाल्या खोदत होतो. शाळा माझी दुसरीपर्यंत. तरी हे मी माझ्याच हातानं लिहितो आहे, कुणाकडून लिहवून घेत नाही.

वामनराव आमचे स्टोअरबाबू, अमरावतीकडचे. टिनाच्या खोलीत बसत. आपण आपल्या नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा, फावडं घ्यायचं; ते तो बिल्ला फळीवरच्या खिळ्याला अडकवत. फावडं परत, की बिल्ला परत. खिळा रिकामा म्हणजे माणूस वर आला.

जेवणाच्या सुट्टीत ते एक जाड इंग्रजी पुस्तक काढून आम्हाला मराठीत सांगत. अमेरिकेतली यादवी, तीही नुकती पेटली होती तेव्हाची एक मोहीम. उत्तरेचा सेनापती भली मोठी फौज घेऊन दक्षिणेच्या राजधानीवर निघालेला. समोर मूठभर लोक. त्यांनी तीच तीच माणसं झाडीआडून फिरवली आणि हा बुवा दुरून सगळी मोजत बसला. पुढे राजधानीच्या घंटा कानावर आल्या, तरी दुश्मन आपल्या दुप्पट आहे म्हणून मागे फिरला. इथं आले की वामनराव मांडीवर थाप मारत. "मोजता येत नाही त सेनापती कायले झाला बे? माणसं मोजणं हेच त त्याचं काम!"

माझा मोठा भाऊ शंकरदादा त्यांना चिडवायचा, "बाबूजी, तुमी पाह्यजे होते तिथं!"

"मी असतो त एक बी माणूस हरवू देल्ला नसता."

त्या दिवशी सकाळी दादानं सगळ्यांसमोर माझी नाली वाकडी आहे म्हटलं. मी बोलणं टाकलं. दुपारी नालीची बाजू ढासळली. तिघांना ओढून काढलं. फावडी जमा झाली, बिल्ले ज्याचे त्याला परत गेले. मुकादमानं फळी पाहिली, सगळे खिळे रिकामे. "झालं, सारे वर आले," तो म्हणाला. मग मला विचारलं, "तुहा भाऊ कोठी हाय?"

"रुसून गेला असंन रिसालीले, खोलीवर," मी ताठ्यात म्हणालो. पाहायलाही गेलो नाही.

घटकाभरानं वामनराव घरी जायला निघाले. पुस्तक उचललं, तर त्यातून बिल्ला खाली पडला. ते अनवाणीच माझ्याकडे धावत आले. "गणपत! शंकरचा बिल्ला! जेवून उठून फावडं नेताना देल्ला त्यानं, मी खुणेले पानात ठेवला. त्याचं फावडं आलंच नाही रे!"

मुकादम म्हणाला, "त्याचा सख्खा भाऊच म्हनते ना, रुसून गेला."

"बिल्ला टाकून कोनी घरी जाते काय?"

आणि त्यांनी नालीत उडी टाकली. चष्मा कुठं पडला कुणास ठाऊक. हातानं माती उपसत होते, नखांतून रक्त येत होतं, आणि तोंडात एकच, "मले मोजता आलं नाही. मले मोजता आलं नाही." मी शेजारी खोदत होतो.

दादा पाइपाच्या तोंडात अर्धा शिरला होता, म्हणून श्वास उरला. पाय बाहेर मातीखाली चेपला होता, तो संध्याकाळी दुर्गच्या दवाखान्यात कापावा लागला. वामनराव दाराबाहेर मातीनं माखलेले उभे होते. आत आले नाहीत, मीही बोलावलं नाही. लोक त्यांना शिव्या घालत होते, ते मी ऐकून घेतलं. त्यांची मोजणी चुकली होती. मी तर मोजायलाच गेलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोअरवर गेलो. वामनरावांनी पिशवी भरून ठेवली होती. "मुकादमाले सांगतलं मी. जाऊन राहिलो."

मी खिडकीत बिल्ला ठेवला. "फावडं द्या, बाबूजी."

"माह्या हाती नको देऊ रे, गणपत."

"तुमच्याच हाती."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. बिल्ला माझ्या खिळ्याला अडकवला आणि त्यावर तळहात दाबून तसेच उभे राहिले. मी फावडं घेतलं आणि नालीत उतरलो.